बरेपणाचा दाखला

मनुष्याच्या प्रकृतीच्या दोनच अवस्था व्यवहाराला मान्य आहेत : एक आजारी, दुसरी बरी. आजारी असेल त्यानें अंथरूण धरावें आणि बरा असेल त्यानें कामावर जावें, असा हा सरळ हिशेब आहे. परंतु या दोहोंच्या मध्यें एक तिसरी अवस्था असते, आणि दीर्घ दुखण्यांतून उठणार्‍या प्रत्येकास ती ओलांडावीच लागते. ताप गेलेला असतो, पण शक्ति आलेली नसते. मन कामाकडे धांवत असतें, पण पाय जिन्याच्या पांचव्या पायरीवरच थबकतात. 'आजाराला उतार पडला' असें आपण म्हणतों, तेव्हां याच अवस्थेचें वर्णन करीत असतों. उतार एका क्षणांत संपत नाहीं. तो सावकाश उतरावयाचा असतो. भाषेला हें कळलें आहे. पगाराच्या वहीला मात्र अद्याप कळलेलें नाहीं.

हा विचार आम्हांस सुचला तो आमच्याच दुखण्यामुळें. मणक्याच्या क्षयामुळें आम्ही 320 दिवस कॉलेजांत गेलों नाहीं. रुजू होण्यापूर्वी डॉक्टरांचा दाखला लागतो, तसा आम्हींही आणला. त्यावर एकच वाक्य होतें : कामावर रुजू होण्यास योग्य. कमरेचा पट्टा, दुपारची विश्रांति, चालूं असलेलीं औषधें, यांपैकीं एकाही गोष्टीला त्या वाक्यांत जागा नव्हती. आदल्या रात्रीपर्यंत आम्ही पूर्ण रोगी होतों व दुसर्‍या दिवशीं सकाळीं साडेसातपासून पूर्ण अध्यापक झालों. एका रात्रींत एवढें आरोग्य पुराणांतल्या वरदानानें सुद्धां कोणास लाभलें नसेल!

आमच्यासारख्या पगारी माणसाला अशा वेळीं आधार असतो तो रजेच्या खात्याचा. नोकरीच्या प्रत्येक पुर्‍या वर्षाला अर्धपगारी रजेचे 20 दिवस जमा होतात. डॉक्टरांच्या दाखल्यावर हीच रजा पूर्ण पगारी करून घेतां येते, आणि तिला परिवर्तित रजा म्हणतात. परंतु मग एका दिवसापोटीं खात्यांतून दोन दिवस वजा होतात. आमच्या 24 वर्षांचे 480 दिवस जमेस होते. आरंभीं औषधपाण्याचा खर्च मोठा, म्हणून पहिले 120 दिवस आम्ही पूर्ण पगारावर काढले. त्यांत 240 दिवस गेले. पुढचे 200 दिवस अर्ध्या पगारावर काढले. शिल्लक राहिली 40 दिवसांची. तेही घेऊन टाकावे आणि पुरतें बरें होऊनच जावें, असें घरांत कोणी सुचविलें. त्यावर आमची पत्नी म्हणाली, "डबा तळापर्यंत कधीं खरवडूं नये, मूठभर तांदूळ असूं द्यावे." या बोलण्यांतलें शहाणपण आम्हांस पुढें पटलें. पाठ पुन्हां दुखूं लागली तर मागें फिरण्याची सोय आहे, हें ठाऊक असल्यामुळेंच तिसर्‍या मजल्यावरील वर्ग भयंकर वाटला नाहीं. खातें रिकामें असतें, तर प्रत्येक कळ आम्हांस सर्वनाशाची चाहूल वाटली असती.

ज्याच्यापाशीं असें खातेंच नाहीं त्याचें काय होतें, हें आम्हीं दवाखान्याच्या बांकावर पाहिलें. तपासणीच्या दिवशीं आमच्या शेजारीं एक कारखान्यांतला कामगार येऊन बसे. रोग तोच, औषधें तींच. एके दिवशीं तो म्हणाला, "सर, डॉक्टर म्हणतात, हळूहळू कामाला लागा. पण हळूहळूचा पगार कुठं मिळतो?" आम्हीं त्याचा हिशेब मांडून पाहिला. रोजचें वेतन 600 रुपये धरूं. क्षयासारख्या लांबणार्‍या रोगांत, नोकरी व वर्गणी यांच्या अटी पुर्‍या झाल्या असल्या म्हणजे, राज्य कामगार विमा योजनेंतून वेतनाच्या शेंकडा 80 प्रमाणें भत्ता मिळतो. म्हणजे दिवसाचे 480 रुपये. आतां तो अर्धा दिवस कामावर गेला आणि मालकानें राजीखुशीनें अर्धें वेतन दिलें, तर हातीं 300 येणार. उरलेल्या अर्ध्या दिवसाचा भत्ता मिळेल काय? नाहीं. ज्या दिवशीं काम केलें त्या दिवसाचा भत्ता नाहीं, असें 1948 च्या मूळ कायद्याचें 63 वें कलम स्पष्ट सांगत होतें. म्हणजे हातपाय हलविल्याबद्दल या मनुष्यास रोज 180 रुपयांचा दंड! तो पुढें दोन महिने घरींच राहिला. आळसामुळें नव्हे, हिशेबामुळें. बसून बसून हाताची सफाई गेली आणि मनाची उमेदही ओसरली, हा तोटा मात्र कोणत्याच वहींत लिहिला गेला नाहीं.

या योजनेची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. साध्या आजारांत वर्षाला 91 दिवसांपर्यंत शेंकडा 70, आणि क्षय, कर्करोग यांसारख्या नेमून दिलेल्या रोगांत शेंकडा 80 प्रमाणें दोन वर्षांपर्यंतही लांबूं शकणारा भत्ता, हें लहानसहान छत्र नव्हे. भत्ता चालूं असतां मालकानें कामगारास काढूं नये, अशी तरतूदही 1948 च्या कायद्यांत होती. शिवाय हा पैसा दानाचा नाहीं. 2019 पासून कामगाराच्या वेतनांतून शेंकडा पाऊण व मालकाकडून शेंकडा सव्वातीन अशी वर्गणी त्यासाठीं ठरलेली आहे. तो मूळ कायदा आतां 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलांत आली. छत्र चांगलें आहे; आमचें म्हणणें एवढेंच कीं, पाऊस ओसरूं लागतांच तें एकदम मिटलें जातें.

दुखणें कायमचें अपंगत्व मागें ठेवून गेलें, तर सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणार्‍या संस्थेंतील नोकरास दुसरा एक आधार आहे. 2016 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या कायद्याच्या 20 व्या कलमान्वयें त्याला कामावरून काढतां येत नाहीं, कीं खालच्या पदावर ढकलतां येत नाहीं. जुनें काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचें दुसरें द्यावें. तेंही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचें वय होईपर्यंत त्याच्यासाठीं जादा जागा निर्माण करावी, असा दंडक आहे. 1995 च्या कायद्यांतही हें तत्त्व होतेंच. आणि कुणाल सिंग या पाय गमावलेल्या शिपायाच्या खटल्यांत 2003 सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, दुर्बलतेचें निवृत्तिवेतन देऊं केलें म्हणून नोकरीवरचा हा हक्क बुडत नाहीं. परंतु हें संरक्षण कायमच्या अपंगत्वासाठीं आहे. जो हळूहळू बरा होत आहे, तो येथेंही दाराबाहेरच उभा राहतो.

या दाराला फट ठेवतां येते काय? अमेरिकेनें ठेवून पाहिली आहे. त्या देशानें 1956 सालीं विमेदार कामगारांसाठीं अपंगत्वाचें वेतन सुरूं केलें आणि 1960 सालीं त्यांत कामाच्या चाचणीचा काळ घातला. कोणत्याही साठ महिन्यांच्या आंत नऊ महिने, सलग नसले तरी चालतील, मनुष्यानें काम करून पाहावें. कमाई कितीही होवो, तेवढ्या महिन्यांत वेतन पुरतें चालूं राहतें. त्यापुढील 36 महिन्यांत, ज्या महिन्याची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या खालीं येईल त्या महिन्याचें वेतन पुन्हां मिळूं शकतें. त्यानंतरही वेतन बंद झाल्यापासून पांच वर्षांत त्याच दुखण्यानें काम सुटलें, तर नव्यानें सारी यातायात न करतां तें परत सुरूं करण्याची सोय 1999 च्या कायद्यानें केली. ही व्यवस्था निर्दोष नाहीं. चाचणीचा काळ संपल्यावर मर्यादेपेक्षां एक डॉलर अधिक झाला तरी सारें वेतन जाऊं शकतें. आणि कामाची वर्दी वेळेवर न दिल्यास जास्त गेलेली रक्कम परत मागतात. तरी पडलों तर झेलणारें कोणी आहे, ही खात्री तिनें निदान कांहीं काळ दिली आहे.

यावर व्यवहारी मंडळी म्हणतील कीं, अशानें लोक आळशी होतील. आम्हांस अनुभव उलट आला. दीर्घकाळ अंथरुणावर पडलेल्या मनुष्याला कामाची जेवढी ओढ असते तेवढी निरोगी मनुष्याला क्वचितच असेल. त्याला घरीं अडकवून ठेवतें तें भय. एकदां रुजू झालों आणि पुन्हां पडलों, तर 'तुम्ही बरे आहांत असा तुमचाच दाखला आहे' असें उत्तर मिळेल, हें तें भय होय. तें काढून टाका, तो आपण होऊन उठेल.

कायदा बदलेल तेव्हां बदलो. तोंवर ज्या घरांत असा प्रसंग आला असेल त्यांनीं तीन गोष्टी कराव्या. रुजू होण्याची तारीख ठरविण्यापूर्वी भत्ता कोणत्या दिवसापासून बंद होतो, आणि दुखणें उलटल्यास तो पुन्हां मिळण्यास काय लागतें, हें लेखी विचारावें. डॉक्टरांकडे केवळ 'योग्य' हा शब्द न मागतां किती तास, किती जिने, किती वजन हेंही दाखल्यावर लिहून मागावें. आमच्या डॉक्टरांनीं दुसर्‍या भेटींत तें आनंदानें लिहून दिलें आणि आमचे वर्ग तळमजल्यावर आले. आणि रजा असो कीं पैसा असो, शेवटचा दाणा घरीं बसून खाऊं नये. तो कामाच्या पहिल्या महिन्यासाठीं राखावा. लंगडत कां होईना, जो आपल्या कामाकडे निघाला आहे, त्याच्या हातची काठी पहिल्याच पावलाला काढून घेणें हें शहाण्या समाजाचें लक्षण नव्हे.