शेवट ठाऊक असताना

रहस्यपटाची समीक्षा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नापाशी आटोपते : शेवटपर्यंत पत्ता लागू दिला का? दिला नाही तर साडेतीन तारे, लागला तर दोन. मी छत्रपती संभाजीनगरात चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेतो. त्या निमित्ताने तेच ते रहस्यपट पुन्हा पुन्हा पाहावे लागतात, आणि तेव्हा या प्रश्नाचा काडीचा उपयोग होत नाही. खुनी कोण हे ठाऊक असूनही जो चित्रपट दुसऱ्यांदा खिळवून ठेवतो, तो मी चांगला मानतो.

हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ 1958 साली आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांना तो रेंगाळलेला आणि न पटणारा वाटला होता. तो ज्या फ्रेंच कादंबरीवर बेतला होता, तिच्यात उलगडा अगदी शेवटी होतो. हिचकॉकने तो बराच आधी प्रेक्षकाच्या हाती देऊन टाकला आणि नायकाला तेवढे अंधारात ठेवले. मग पाहण्यासारखे राहिले काय? तर एक पुरुष समोरच्या जिवंत बाईवर मेलेल्या बाईचे कपडे, केस, चाल लादत सुटतो, आणि तो नेमके काय करतो आहे हे त्याच्याआधी आपल्याला कळलेले असते. पाहवत नाही आणि सोडवतही नाही. ‘साईट अँड साउंड’ मासिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या कौलात 2012 साली याच चित्रपटाने ‘सिटिझन केन’ला खाली ओढून पहिला क्रमांक घेतला, 2022मध्ये तो दुसरा होता. चौपन्न वर्षांत फिल्मची एक फ्रेमही बदलली नव्हती.

असाच न्याय मराठीत ‘पाठलाग’ला मिळायला हवा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी तो 1964 साली केला. काशिनाथ घाणेकर आणि भावना त्यात आहेत. राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले म्हणजे दुर्लक्ष झाले असे म्हणता येत नाही. तरी राजाभाऊंचे नाव निघाले की ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘जगाच्या पाठीवर’वर पानेच्या पाने लिहिली जातात, ‘पाठलाग’ एका ओळीत उरकतो. दक्षिणेने मात्र तो लगेच उचलला : 1965ला तमिळमध्ये ‘इदय कमलम’ आला. त्याच्या पुढच्या वर्षी राज खोसलांनी त्याच गोष्टीवर ‘मेरा साया’ केला, सुनील दत्त आणि साधनाला घेऊन.

बायको डोळ्यांदेखत गेली, अंत्यविधी झाले, आणि मग हुबेहूब तिच्यासारखी एक आरोपी बाई उभी राहून म्हणते, मीच तुमची बायको. (उलगडा सांगत नाही; संपादकांना पत्रे येतील.) पहिल्यांदा पाहताना आपण ‘ही कोण?’ एवढेच विचारतो. दुसऱ्यांदा पाहिल्यावर प्रश्न फिरतो. दोघांनाच ठाऊक असलेल्या संसारातल्या गोष्टी ती सांगते आहे आणि नवरा तिच्याकडे पुरावा मागतो आहे, तर या माणसाने आपली बायको ओळखली होती की नव्हती? माझ्या मते हा प्रश्न ‘पाठलाग’मध्ये जास्त बोचतो. ‘मेरा साया’त उदयपूर आणि ती अवीट गाणी आपल्याला थोडे बाजूला घेऊन जातात.

आमच्या शहराचा या प्रकाराशी संबंध वाचनातून आला. मराठी घरांत बाबूराव अर्नाळकर, उर्दू घरांत इब्ने सफी. पुढे इथल्याच ‘जिगीषा’ नाट्यसंस्थेतून घडलेल्या चंद्रकांत कुलकर्णींनी 1999 साली ‘बिनधास्त’ केला. प्रमुख भूमिकांत सगळ्या स्त्रिया, त्यामुळे बहुतेक चर्चा त्या नवलाभोवतीच फिरली. मला त्यातले मैत्रीचे चित्रण अधिक मोलाचे वाटते : कॉलेजातल्या दोन मुलींवर संशय येतो तेव्हा पणाला लागते ती त्यांची एकमेकींवरची भिस्त. प्रियदर्शननी वर्षभरात त्याचा तमिळ ‘स्नेहिदिये’ केला. म्हणजे पुन्हा तेच. माल मराठी, गिऱ्हाईक दक्षिणेचे.

हेरपटांबद्दल माझे मत इतके उदार नाही. ‘डॉ. नो’नंतर बाँडची लाट आली आणि आपल्याकडे 1967ला जितेंद्रचा ‘फर्ज़’, 1968ला ‘आँखें’. ‘आँखें’साठी रामानंद सागर यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा फिल्मफेअर मिळाला, 1962 आणि 1965च्या युद्धांनंतरच्या प्रेक्षकाला परका शत्रू हवाच होता. 1977मध्ये तर घरगुती चित्रपटांच्या ‘राजश्री’नेही ‘एजंट विनोद’ काढला. मजा म्हणून ठीक. पण हेराचे काम म्हणजे वाट पाहणे, खोटे बोलणे आणि विश्वास टाकणाऱ्यालाच फसवणे. हे 1965च्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’मध्ये रिचर्ड बर्टनच्या थकलेल्या चेहऱ्यावर दिसते. हिंदीत ते नीट दिसायला 2018चा ‘राज़ी’ यावा लागला. तिथे सासरच्या माणसांचा लळा हीच हेराची खरी अडचण होते.

मराठीला तर शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक घरचेच. अलीकडच्या शिवकालीन चित्रपटांत ते येतात खरे, पण ढोलताशांच्या संगीतात, वेषांतराची टाळी घेत. ज्याने कुणाच्या नजरेत भरायचे नाही, त्याच्यावरच कॅमेरा झेपावतो! ‘पुणे 52’मध्ये (2013) निखिल महाजन यांनी उलट केले. गिरीश कुलकर्णींचा अमर आपटे हा 1992 सालचा, भाडे थकलेला, लोकांच्या लफड्यांचे फोटो काढून पोट भरणारा डिटेक्टिव्ह. उत्तरार्ध हातून सुटतो, हे मान्य. पण दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचे हे काम डोकावणाऱ्याच्या संसारात काय करते, ते मराठी पडद्यावर इतके उघडपणे मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

दर हिवाळ्यात आमच्याकडे अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. आयोजकांना विनंती आहे : एका वर्षी ‘पाठलाग’, ‘इदय कमलम’ आणि ‘मेरा साया’ एकाच दिवशी, याच क्रमाने दाखवा. आणि माहितीपत्रकात गोष्टीचा शेवट बिनदिक्कत छापा.