घाम वाळायला हवा

१४ एप्रिलला आम्ही गोरेगावकर दुपारपासूनच रस्त्यावर असतो. पांढरे कपडे, निळे झेंडे, ढोल, लेझीम. एका जयंतीला आमची आत्या लेझीम खेळता खेळता भलतंच बरळू लागली. अंगाला हात लावला तर चटका बसावा! कुणी म्हणालं, दृष्ट काढा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दृष्ट! आम्ही तिला सावलीत आडवं केलं, ओली चादर पांघरली, पुठ्ठ्यानं वारा घातला आणि रिक्षानं दवाखाना गाठला. वाचली.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावलं. शरीर आपलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखतं. उष्मा वाढला की मेंदूतलं एक छोटं केंद्र कातडीकडे जास्त रक्त धाडतं, घाम सोडायला लावतं. पण नुसत्या घामानं गारवा येत नाही. तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ठिबकतो. अंगाचा ताप ४० अंशांवर जाऊन माणूस बरळू लागला की तो उष्माघात. तिथे तापाची गोळी कामाची नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणीही ओतू नये.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक भर उन्हात बसले होते. उष्माघातानं १४ जण गेले. जयंतीला दोनच दिवस झाले होते.

तेव्हापासून आमच्या मिरवणुकीच्या गाडीवर पाण्याचे माठ आणि मीठ-साखरेचं पाणी असतं. आत्या आता ऊन उतरल्यावर येते. लेझीम मात्र सोडत नाही.