मुक्ताला पत्र

चि. मुक्ता,


तुझं पत्र दोनदा वाचलं. बेन लोमंडच्या माथ्यावरचा फोटो सुरेख आहे, पण तुझ्या पायांत साधे कापडी बूट आहेत आणि मागे सूर्य टेकलेला दिसतोय. उतरताना अंधार पडला, मोबाइलच्या उजेडात आले, हे तू एका ओळीत उरकलंस. माझा जीव त्याच ओळीत अडकलाय. एकटी गेलीस, हे दादाला कळवलेलं नाहीस ना? ऑक्टोबर संपता संपता स्कॉटलंडमधली घड्याळं तासभर मागे जातात, पाचच्या आत अंधारतं. तुला हे सांगावं लागावं?

वर विचारतेस, पुढचा मन्रो कुठला करू? हिवाळा सरेपर्यंत एकही नाही. बर्फातल्या डोंगराचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

आणि ही यादीची ओढ सोड. तिथल्या ३००० फुटांवरच्या शिखरांची, म्हणजे या मन्रोंची, यादी ह्यू मन्रोंनी १८९१ साली छापली. आज तीत २८२ नावं आहेत. खुद्द मन्रोंचीही सगळी शिखरं चढून झाली नाहीत. लेखिका नॅन शेफर्ड आयुष्यभर केर्नगॉर्मच्या डोंगरांत हिंडल्या. माथा गाठण्यापेक्षा डोंगराच्या आत शिरण्यात त्यांना रस होता. कळसाला हात लावून आलं म्हणजे दर्शन झालं का गं?

तलावाकाठच्या वाटा म्हाताऱ्यांसाठी, असं लिहिलंस, त्याचा मला खरंच राग आला. बालमाहाच्या कॉनिक हिलवर जा. चारशे मीटरही उंची नाही. पण तिथून लॉख लोमंडमधली बेटं एका रांगेत दिसतात, कारण हायलँड आणि लोलँड यांना विभागणारा भूभंग त्याच रेषेत जातो. एवढा भूगोल बेन लोमंडवरून घाईने उतरताना कुठे दिसणार? तिथून खाली ये आणि पूर्वकाठाने, ओकच्या रानातून चालत राहा. कातडी कमावायला लागणारी साल आणि कोळसा यांसाठी ही झाडं पिढ्यानपिढ्या तोडली गेली, पुन्हा फुटली. किंवा बेन आनवर जा, ४५४ मीटर फक्त. समोर लॉख कॅट्रिन लांबवर पसरलेलं दिसेल. ग्लासगोला १८५९ पासून पाणी त्याचंच. तू पितेस ते पाणी कुठून येतं, ते एकदा डोळ्यांनी बघायला नको?

२००३ च्या कायद्याने तिथे जवळजवळ कुठल्याही रानामाळातून चालायचा हक्क आहे, मालक कुणीही असो. आपल्याकडे असं कुठे आहे! पण तो हक्क जबाबदारीने वागणाऱ्याचा आहे. अडकलेल्यांना शोधायला रात्री डोंगरात जाणारे लोक स्वयंसेवक असतात, पगारी नव्हेत. आपल्या हौसेपायी त्यांना ताटावरून उठवू नये.

तेव्हा डोक्याला बांधायची बॅटरी, कागदी नकाशा, होकायंत्र आणि घोट्यापर्यंतचे बूट आधी घे. पैसे मी पाठवते. निघताना कुठे चाललीस आणि कधी परतणार, हे खोलीतल्या मैत्रिणीला सांगून जा. आणि परत फिरायची वेळ ठरवलीस की ती पाळ, माथा हाताशी आला असला तरी.

दादाला आजच फोन कर.

तुझी,
आत्या