ओळंबा

भंडारा म्हटलं की जुन्या माणसांना पितळेची भांडी आठवतात. आमच्या मामांच्या घरी मात्र पितळेची सर्वांत जपलेली वस्तू भांडं नाही. गाजराच्या आकाराचा, पोलादी टोकाचा, मुठीत मावणारा तो एक ओळंबा आहे. मामी त्याला ‘तुमचा लट्टू’ म्हणते. मामा आयुष्यभर भूकरमापक होते. निवृत्त होताना सरकारी सामान सरकारजमा झालं. ओळंबा पदरच्या पैशानं घेतलेला, म्हणून तो घरी आला आणि देवघराशेजारच्या खुंटीवर विसावला. (आमचे मामा आणि आमच्या जिल्ह्यातले मामा तलाव यांचं काही नातं नाही, हे परगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. तिथला ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी.)

संध्याकाळी मामांच्या ओसरीवर त्यांचे जुने सोबती जमतात. धानाचा भाव, राजकारण आणि गुडघेदुखी हे विषय संपले की गाडी हमखास ओळंब्यावर येते. दोरीला बांधलेल्या एवढ्याशा वजनावर चार शहाणी माणसं इतकं भांडू शकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

मामा कट्टर ओळंबावादी. त्यांचं म्हणणं असं की, मोजणीच्या पेटीतलं प्रत्येक यंत्र केव्हा ना केव्हा खोटं बोलतं. साखळी ओढून ओढून लांबते, होकायंत्र लोखंडापाशी बहकतं, पाणसळीचा बुडबुडा बिघडतो. ओळंब्यात बिघडायला आहेच काय? दोरी, वजन आणि पृथ्वी. पुढे यंत्राच्या पोटात भिंगाचा ओळंबा आला, मग लाल ठिपक्याचा आला; पण ते दोन्ही खरे आहेत की नाहीत हे तपासायला मामा आपला लट्टूच बाहेर काढीत.

त्यांचे प्रतिस्पर्धी म्हणजे प्लेन टेबलावर हयात घालवलेले एक काका. ते म्हणतात, “नकाशा एकास हजार प्रमाणाचा. जमिनीवरचे ३ सेंटिमीटर कागदावर ०.०३ मिलिमीटर होतात. माझ्या पेन्सिलीचं टोक त्याहून कितीतरी जाड! मग टेबलाला चिमटा लावून त्याखाली ओळंबा लटकवायचा तो कशाला? लोक बघत असतात म्हणून!” यावर मामा थिओडोलाइट काढतात. यंत्र खिळ्यापासून १ सेंटिमीटर सरकलं, तर १०० मीटरवरच्या निशाणाला सुमारे २० विकलांचा फरक पडतो. पण तेच निशाण १० मीटरवर असलं तर फरक जवळजवळ साडेतीन कलांचा. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा वाद कधी मिटत नाही.

वाऱ्याविषयी मात्र सर्वांचं एकमत आहे. धान निघाल्यावर बांध्या मोकळ्या होतात आणि मोजणीचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत उघड्या शिवारात ओळंबा क्षणभर स्थिर राहील तर शपथ! मग खाली पाण्याची बादली ठेवून वजन तिच्यात बुडवायचं, म्हणजे झोके लवकर थांबतात. भूमिगत खाणीत, विहिरीतून दिशा खाली उतरवताना तर लांबच्या लांब तारेचं वजन तेलात बुडवून ठेवतात. शिवारात एवढा सरंजाम कुठला? बादली मिळाली नाही तर सरळ चहा मागवायचा. काका म्हणतात, “वाऱ्यानं खात्याला जेवढा चहा पाजला, तेवढा शेतकऱ्यांनी नाही पाजला.”

थट्टेला शास्त्राचाही आधार आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या विल्यम लॅम्टननं हिंदुस्थानच्या महामोजणीला आरंभ केला, तो काम उत्तरेकडे आणता आणता १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला. एव्हरेस्टनं ते पुढे हिमालयाच्या दिशेनं नेलं. तेव्हा कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर एकदा जमिनीवरून मोजलं आणि एकदा ताऱ्यांवरून काढलं, तर उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक निघाला. जमिनीवर तो दीडशे मीटरहून अधिक भरतो. कलकत्त्याचे पाद्री प्रॅट यांनी हिशेब मांडला. ताऱ्यांचा वेध घेताना ‘सरळ खाली’ म्हणजे कुठे, हे ओळंबा सांगतो आणि हिमालयाचं वस्तुमान तर त्याला आपल्याकडे ओढतं! पण त्यांच्या गणितानं ही ओढ तिपटीनं जास्त यायला हवी होती. १८५५ मध्ये एअरीनं सुचवलं की डोंगराखाली हलका खडक मुळासारखा खोलवर गेलेला असावा. पर्वताच्या पोटातलं गुपित असं एका लट्टूनं बाहेर काढलं.

ही हकिकत मी ओसरीवर वाचून दाखवली, तेव्हा काका म्हणाले, “हिमालय ओळंब्यावर वजन टाकतो, तर गावच्या बड्यानं टाकलं म्हणून काय बिघडलं?” ‘वजन’ या शब्दावर सगळे पोट धरून हसले. मामा हसले नाहीत.

नंतर त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. लाखांदूरकडच्या एका गावी एका विधवा बाईचा आणि तिच्या दिराचा धुऱ्यावरून तंटा होता. दोन आर जमीन; मोठ्या शेतकऱ्याला ती किरकोळ, बाईला तेवढ्यात वर्षाच्या भाताची चिंता. मोजणी झाली, पंचांनी सह्या केल्या. बाईचा अंगठा राहिला होता. ती म्हणाली, “साहेब, लट्टू थांबू द्या जी. मंग आंगठा.” आणि ती उकिडवी बसली. नकाशा तिला कळत नव्हता, आकडे कळत नव्हते. पण दगडावर फुली आहे आणि तिच्यावर टोक येतंय की नाही, एवढं तिला कोणी शिकवावं लागलं नाही. लट्टू थांबला, तिनं पाहिलं, दिरानंही वाकून पाहिलं, मग अंगठा उमटला. मामा म्हणाले, “अख्ख्या मोजणीत तिला तपासता येईल अशी ती एकच वस्तू होती. तिच्यावरही कुणी वजन टाकलं असतं, तर बाईनं बघायचं कुठं?”

गेल्या उन्हाळ्यात साकोलीकडे मावशीच्या शेताची मोजणी झाली. मामा आणि मी दोघंही गेलो होतो. मोजणीला आलेला तरुण मुलगा गुणी होता, नम्र होता. त्याच्याजवळ रोव्हर होता: एक काठी, वर उपग्रहांचे संदेश झेलणारी टोपी, हातात पडदा. काठी टेकवली, ‘फिक्स आला’ म्हणाला आणि पुढच्या कोपऱ्याकडे चालू लागला. मामांच्या काळी ज्याला दिवस लागे ते काम दुपारच्या आत उरकलं, आणि तेही दोन-चार सेंटिमीटरच्या आत. मामांनी हे मोकळ्या मनानं कबूल केलं. त्या काठीचा बुडबुडा मात्र ते बारकाईनं बघत होते. मुलगा म्हणाला, “काका, नवीन यंत्रांत काठी तिरपी धरली तरी चालते. यंत्र आपोआप हिशेब करून घेतं.” काठी वाकडी आणि उत्तर सरळ! मामा काही वेळ बोललेच नाहीत.

हद्द शेजाऱ्याच्या पाळीच्या जरा आत निघाली, म्हणजे मावशीच्या बाजूनं. शेजारी गप्प उभा होता. मावशीनं विचारलं, “कुठं बघू रे बाबू?” मुलानं पडदा तिच्यापुढे धरला. त्यावर आकडेच आकडे. ते तिनं पाहिले, शेजाऱ्यानंही पाहिले. दोघांनी सह्या केल्या, पण जागचं कुणी हललं नाही.

मग मावशी मामांना म्हणाली, “भाऊ, तुझा लट्टू आणलास का?”

मामांनी खिशातून काढला. मुलाच्या खुणेवर खुंटी ठोकलेली होती. तीन तुराट्या वर बांधून मामांनी दोरी सोडली. “बाई, याला काही कळत नाही,” ते म्हणाले. “खुंटी कुठंही ठोक, तिच्यावर टांगला की हा ‘बरोबर’च म्हणेल. जागा त्या पोरानं शोधली आहे.”

“असू दे,” मावशी म्हणाली आणि खाली बसली. समोरून शेजारीही बसला. वारा होता, लट्टू डोलत होता. मुलानं घड्याळाकडे पाहिलं, मग तोही काठी आडवी ठेवून तिथंच टेकला. मामांनी चहा सांगितला.