बाकावरची सोबत

गेल्या पावसाळ्यात माझा दहा वर्षांचा मामेभाऊ घर सोडून गेला. गणिताच्या वहीवरून मामीने त्याला पट्टीने मारले होते. डोंबिवलीला तो गाडीत बसला आणि रात्री ठाणे स्टेशनवर पोलिसांना सापडला. सापडला म्हणजे आता घरी येणार, असे आम्हांला वाटले. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. हातावरचा वळ पाहून समितीने घरची चौकशी होईपर्यंत त्याला बालगृहात ठेवले.

तारखेला मामीबरोबर मी गेले. बाहेरच्या बाकावर मामी मला पुनःपुन्हा बजावत होती, "मारल्याचं बोलायचं नाही हं. पडला म्हणून सांगू." खरे बोललो तर पोर कायमचे जाईल, या भीतीने तिचा चेहरा उतरला होता.

शेजारी कल्याणची एक बाई बसली होती. घरोघरी धुणीभांडी करणारी. तिने विचारले, "ताई, पहिलीच तारीख का? कागद दाखवा बघू." जन्मदाखला, रेशनकार्ड, शाळेचे बोनाफाईड, एकेक पाहून तिने नीट लावून दिले. मग हळूच म्हणाली, "मारलं असेल तर सांगून टाका. मी लपवलं होतं. पोरीनं आत खरं सांगितलं. मग माझ्या कुठल्याच बोलण्यावर भरवसा राहिला नाही. दोन महिने गेले माझे."

मामीचे नाव पुकारले गेले. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. "सांगितलं," एवढेच म्हणाली आणि त्या बाईचा हात धरून रडली. पुढे समुपदेशन झाले, घरी चौकशीला माणसे आली आणि तिसऱ्या आठवड्यात भाऊ परत आला.

मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायदाच सांगतो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलाचे हित पाहणे हे त्यांचे काम. पण "माझंही लेकरू इथं होतं," हे वाक्य त्यांच्यापैकी कोण म्हणणार? न्यूयॉर्कमध्ये अशा अनुभवातून गेलेले पालक प्रशिक्षण घेऊन दुसऱ्या पालकांच्या सोबतीला जातात. आमच्या वाट्याला ती सोबत निव्वळ योगायोगाने आली.

त्या दिवसांत कॉलेजात कोणी विचारले, तर मी "मामी आजारी आहे" असे सांगत असे. गेल्या महिन्यात चाळीतल्या एका बाईवर तीच वेळ आली. मामीने कामावर रजा टाकली, कागदांची पिशवी भरली आणि तिच्याबरोबर निघाली. संध्याकाळी मैत्रिणीने विचारले, "मामी कुठे गेल्या गं?" या वेळी मी खरे ते सांगितले.