गोठलेल्या तळ्यावर एक दिवस

सदतीस वर्षे अध्यापन केलेल्या मनुष्यास एक खोड जडते. जे आपण शिकविले ते आपणांस समजलेही आहे, असे तो मानू लागतो. मजलाही ती जडली होती. ती कोठे व कशी मोडली, हे सांगण्याकरिता हा लेखप्रपंच. स्थळ मात्र वाचकांच्या अपेक्षेबाहेरचे आहे. हा धडा मला शाळेच्या चार भिंतींत मिळाला नाही. तो मिळाला अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात, एका गोठलेल्या तळ्यावर, आणि तोही मासे धरावयास निघालेल्या मंडळींच्या सहवासात!

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त त्या राज्यातील मिनियापोलिस शहरी राहतात. सूनबाईंचे दुसरे बाळंतपण होते, म्हणून २०१९ च्या जानेवारीत आम्ही उभयता तिकडे गेलो. थंडीची कल्पना मुलाने पत्रातून व दूरध्वनीवरून पुष्कळ दिली होती. परंतु महाबळेश्वरची थंडी हीच ज्याची परमावधी, त्यास शब्दांनी कितीशी कल्पना येणार? जानेवारीच्या अखेरीस उत्तर ध्रुवाकडील हवेचा लोट दक्षिणेकडे घसरला आणि ३० तारखेस पहाटे मिनियापोलिसचा पारा शून्याखाली ३३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. त्याच राज्याच्या उत्तर भागातील कॉटन नावाच्या गावी दुसऱ्या दिवशी तो शून्याखाली सुमारे ४९ अंशांवर गेला. शाळा बंद, टपालही बंद! खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने तुषारांची नक्षी उठली होती. आमच्या मंडळींनी ती पाहून, "अहो, देवाने इथे रांगोळीसुद्धा बर्फाचीच काढली आहे," असा शेरा मारला आणि बाळाची दुपटी पुन्हा शेगडीजवळ सरकविली.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. पूर्वज नॉर्वे देशातून आलेले, स्वतः आयुष्यभर सुतारकाम केलेले. आमच्या नऊ वर्षांच्या नातवावर त्यांचा फार लोभ. थंडीची धार किंचित् उतरल्यावर शनिवारी आपल्या नेहमीच्या तळ्यावर मासे धरावयास जाण्याचा त्यांचा बेत होता व नातवाने त्यात आपले, वडिलांचे आणि माझेही नाव घातले.

"या वयात आता गळ टाकायला निघालात का?" घरातून प्रश्न आला.

"गळ टाकणार नाही. केवळ अवलोकन करणार," मी म्हणालो. पाठशाळेत अमरकोशाबरोबर तुहिन, नीहार, तुषार, प्रालेय हे शब्द मी बालपणीच घोकले होते. तुहिनाचा अर्थ सांगून किती मुलांना गुण दिले असतील, त्याची गणती नाही. पण तुहिनावर पाऊल ठेवण्याचा योग साठीनंतर येत होता. तो दवडणे मला प्रशस्त वाटेना.

त्या राज्यास 'दहा हजार सरोवरांची भूमी' असे म्हणतात. ही अतिशयोक्ती नव्हे, उलट विनय आहे. कारण १० एकर वा त्याहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे तेथे मोजलेली आहेत. हिवाळ्यात ती गोठली म्हणजे लोक त्यांवर चालत जातात, गिरमिटाने भोक पाडतात आणि खालच्या पाण्यात गळ सोडून बसतात. मिल लॅक्ससारख्या विस्तीर्ण सरोवरावर तर लाकडी खोल्यांची गावेच्या गावे वसतात. आत शेगडी, बाके, निजावयाची सोयही असते. बर्फावरून मोटारींकरिता रस्ते आखतात आणि वसंताची चाहूल लागण्यापूर्वी ते सारे गाव उचलून न्यावे लागते. या छंदास परवाना लागतो. उन्हाळ्यात माणशी एकच दोरी टाकण्याची मुभा असते, हिवाळ्यात दोन.

वाटेत नातवाने विचारले, "आजोबा, सगळं पाणी गोठलं तर मासे जगतात कसे?"

प्रश्न माझ्या प्रांतातला होता. मी सांगितले, की पाणी ४ अंशांपर्यंत थंड होताना आकुंचन पावते व जड होऊन तळाशी जाते. त्याहून अधिक थंड झाल्यास ते पुन्हा प्रसरण पावते, हलके होते आणि वर राहते. म्हणून बर्फ प्रथम पृष्ठभागी धरतो, तळाशी सुमारे ४ अंशांचे पाणी शिल्लक राहते व मासे त्यात मंदगतीने वावरत हिवाळा काढतात. बर्फ पाण्याहून हलका नसता, तर तळी तळापासून गोठत आली असती आणि मत्स्यकुळाचा निर्वंश झाला असता. नातवाने मान डोलाविली. मला मोठी धन्यता वाटली. वर्ग कोठेही भरो, मास्तर तो मास्तरच!

तळे लहानसे होते. चोहीकडे सूचिपर्णी वृक्ष, मध्ये शुभ्र मैदान. पाणी कोठे संपते व जमीन कोठे लागते, हे ओळखता येईना. शेजारीबुवांनी घसरगाडीवर सामान रचले: भोक पाडण्याचे मोठे गिरमिट, एक लोखंडी पहार, राहुटी, लहान शेगडी आणि साक्षात् आपल्या स्वयंपाकघरातला शोभेल असा एक झारा. मग त्यांनी दोरीने जोडलेल्या, पुढे खिळे बसविलेल्या दोन लाकडी मुठी प्रथम नातवाच्या गळ्यात अडकविल्या आणि नंतर आमच्या. बर्फ फुटून मनुष्य पाण्यात पडला, तर ते खिळे कडेच्या बर्फात रोवून स्वतःस बाहेर ओढावयाचे, असा त्यांचा उपयोग.

आम्ही चालू लागलो. पुढे ते, मागे आम्ही. दर पाचसात पावलांवर ते थांबत, पहारीने बर्फावर घाव घालीत, कान देऊन ऐकत आणि मग पुढे सरकत. मला याची मौज वाटली. ३३ अंशांची थंडी परवा होऊन गेलेली. आणि हे गृहस्थ आंधळ्याने काठीने रस्ता चाचपावा तसे चाललेले! मध्यावर गिरमिटाने भोक पाडून त्यांनी बर्फाची जाडी मोजली. ती १७ इंच भरली. "पाहिलंत?" मी मुलास मराठीत हळूच म्हटले, "एवढ्यावर हत्तीसुद्धा उभा राहील."

त्यांनी मात्र तेवढ्यावर न थांबता नातवास बर्फाच्या जाती दाखविल्या. भोकाच्या कडेला वरचा थर पांढरट होता व खालचा काचेसारखा नितळ. नितळ बर्फ तो खरा. त्याची जाडी ४ इंचांहून कमी असेल, तर त्यावर मनुष्याने पाऊल टाकू नये, हा तेथील सरकारी खात्याचा दंडक आहे. मोटारीस त्याच्या दुपटीहून अधिक आणि मालमोटारीस एक फुटाहून अधिक जाडी लागते. पांढरा बर्फ म्हणजे हिम भिजून गोठलेले. त्याचे बळ निम्मे, म्हणून जाडी दुप्पट हवी. इतक्यात तळ्याच्या पोटातून मेघगर्जनेसारखा दीर्घ ध्वनी उठला आणि माझे पाय जागच्या जागी खिळले. ते हसून म्हणाले, "बर्फ बोलतो. थंडीऊन बदलले की तो आखडतो, पसरतो. बोलणाऱ्या बर्फाला मी भीत नाही."

राहुटीत मला काम मिळाले. भोकात सारखी पापुद्र्यासारखी साय धरत असे. ती झाऱ्याने काढावयाची. माशास स्पर्श न करता मासेमारीत सहभागी होण्याचा हा सोवळा मार्ग मला पसंत पडला. तासाभरात त्यांनी पर्च जातीचे चारपाच मासे काढले. पिवळसर अंगावर गडद उभे पट्टे. लहान होते ते त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता पाण्यात परत सोडले. कारण त्या थंडीत बाहेर राहिल्यास कल्ले लवकरच गोठतात. आमच्या कुळात मत्स्याहार नाही आणि तो मजकडून होणारही नाही. तथापि मोजके घेणारा व उरलेले जपून परत सोडणारा तो हात निर्दय म्हणावा, असे मला वाटले नाही.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो. पलीकडच्या काठाशी वाळलेल्या पाणगवताचे एक बेट हिमातून डोके काढून उभे होते. नातवाने ते पाहावयास जाऊ का, म्हणून विचारले. शेजारीबुवा दोरीचा गुंता सोडवीत पाठमोरे बसले होते, चिरंजीव शेगडीवर चहा ठेवीत होते. प्रश्न मला होता आणि उत्तर मीच दिले.

"जा की! एवढ्या थंडीत सबंध तळे पाषाण झाले असेल."

मूल धावत सुटले. काही क्षणांनी शेजारीबुवांनी मागे वळून पाहिले, हातातली दोरी टाकली आणि बाहेर येऊन अशा आवाजात "थांब!" म्हणून ओरडले, की सतरा इंच बर्फाच्या गर्जनेने मी भ्यालो नव्हतो इतका त्या एका शब्दाने भ्यालो. नातू थांबला. "आल्या पावलांवरून परत ये. धावू नको," ते म्हणाले. तो परत आला. त्यास वडिलांच्या हाती देऊन ते पहार घेऊन त्याच वाटेने गेले. मी मागोमाग गेलो. मुलाचे शेवटचे पाऊल जेथे उमटले होते, त्याच्यापुढे वीसएक पावलांवर त्यांनी मला हाताने अडविले व पहार मारली. पहिल्या घावाचा आवाज बोदा आला. दुसऱ्या घावाला पहार आरपार गेली आणि भोकातून काळे पाणी वर आले.

कोणी काही बोलले नाही. माझ्या कानांत माझेच वाक्य घुमत होते.

त्यांनी पहारीनेच काठाकडे दाखविले. तेथे एक ओढा तळ्यास मिळत होता. वाहते पाणी खालची ऊब सारखी वर आणते व बर्फ जाड होऊ देत नाही. शिवाय ती जागा खोलगट असल्याने वाऱ्याने तेथे फूटभर हिम साचले होते. "थंडी वर होती. दुलईखाली नव्हती," एवढेच ते म्हणाले.

दुलई! वाचकहो, हिम हे उष्णतेचे मंदवाहक आहे, हे वाक्य मी प्रतिवर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. एस्किमो लोक हिमाचे घर करून त्यात उबेने राहतात, हे उदाहरण देत आलो होतो. ते न लिहिणाऱ्या मुलांचे गुणही कापले होते. आणि तेच हिम पायाखाली असता, ज्याच्याकरिता समुद्र ओलांडून आलो त्या बालकास मी त्यावर धावावयास सांगितले.

पाठशाळेत आम्हांस अनुमानखंड शिकविताना गुरुजी बजावीत, की धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येईल. परंतु अग्नी दिसला म्हणून धूर आहेच, असे म्हणता येणार नाही. माझा हेतू असाच सव्यभिचारी होता. बर्फास थंडी हवी, हे खरे; पण जेथे थंडी तेथे पक्का बर्फ, ही व्याप्ती खोटी. पुढे मुलाने आणून दिलेल्या पुस्तकात वाचले, की व्हिएन्नाच्या स्टेफान नामक शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये बर्फाच्या वाढीचा नियम मांडला. बर्फाचा थरच खालच्या पाण्यास पांघरूण होतो, म्हणून जाडी दुप्पट व्हावयास थंडीचा संचय चौपट लागतो. म्हणजे दोनतीन दिवसांचा कडाका कितीही भयंकर असला, तरी त्याने एका रात्रीत तळ्याचा पाषाण होत नाही. आणि वर हिम असेल, तर वाढ आणखी मंदावते. त्या सुताराने स्टेफानचे नाव ऐकले नसावे. त्यांच्याजवळ पहार होती.

परततेवेळी त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. केवळ ती पहार माझ्या हाती दिली व म्हणाले, "मास्तर, आता पुढे तुम्ही चाला." त्या काठापर्यंत मी दर पाच पावलांवर घाव घालीत गेलो. आमच्या मागे नातू मोठ्याने घाव मोजीत होता.

घरी ही हकिकत सांगावी की नाही, याचा मी वाटभर विचार केला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आईला सांगायलाच हवं असं नाही." परंतु रात्री पानावर बसल्यावर मीच सारे सांगितले. मंडळींचा हात वाढता वाढता थांबला. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग मुलास म्हणाल्या, "उद्या त्यांच्याकडे बेसनाचे लाडू द्यायचेत. डबा चांगला काढ." मला काही म्हणाल्या नाहीत, ते मला अधिक लागले.

या गोष्टीस आता काही वर्षे लोटली. २०२३ च्या डिसेंबरात, २९ तारखेस, त्याच राज्यातील अप्पर रेड लेक या सरोवरावर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला व त्यावर मासे धरीत बसलेल्या १२२ माणसांना सोडवून आणावे लागले. तो हिवाळा त्या राज्याच्या नोंदींतील सर्वांत उष्ण हिवाळा ठरला. बातमी वाचून मी घाईघाईने दूरध्वनी केला. नातू आता माझ्याहून उंच झाला आहे. मी विचारले, "काय रे, तिकडे थंडी किती?"

तो म्हणाला, "आजोबा, थंडी विचारू नका, इंच विचारा. काल मी पहार मारून पाहिली. तीनच आहेत. आम्ही गेलो नाही."

मी त्यास पूर्ण गुण दिले.