पाळीचं घड्याळ

आमच्या घरात घड्याळ यायच्या चार वर्षं आधी घड्याळाचं कर्ज आलं. १९८० साली आक्काची सोयरीक जुळली. हुंड्याचा आकडा ठरला, सायकल ठरली, माणसं उठायच्या बेतात होती. तेवढ्यात नवरदेवाचे मामा पानाला चुना लावत म्हणाले, "घड्याळाचं तेवढं राहिलंच की पाव्हणं. पोरगं कांचन म्हणायलंय." कांचन म्हणजे काय, हे दादांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी अमदपूरच्या मोंढ्यात आडत्याकडं उचल मागायला गेले. ती उचल वहीवर चढली ती उतरेचना. मूग गेला, करडई गेली, पट्टी हातात यायची तेव्हा व्याज कापून चार नोटा उरायच्या.

त्या काळी आमच्या भागात एच.एम.टी.ची कांचन ही लग्नातलीच वस्तू होती. चावी द्यायची गरज नाही, हाताच्या हालचालीवर चालणारी, सोनेरी. जावयाच्या मनगटावर ती दिसली म्हणजे सासऱ्यानं लग्न नीट लावलं, असं लोक धरून चालायचे. मला पुढं वाचनात एक गंमत सापडली. हिंदुस्थान मशीन टूल्सनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला घड्याळाचा कारखाना काढला तो १९६१ साली, आणि हुंडाबंदीचा कायदा आला तोही १९६१ सालीच. दोघांपैकी आमच्या गावापर्यंत कोण पोचलं ते सांगायला नको.

१९८४ साली मला मास्तरकी लागली. नांदेड जिल्हा परिषदेची, कंधार तालुक्यातली एकशिक्षकी शाळा. गाव मात्र अहमदपूर तालुक्यात, म्हणजे नुकत्याच झालेल्या लातूर जिल्ह्यात. दादा जन्मले तेव्हा हाच तालुका निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्यात होता, मी जन्मलो तेव्हा उस्मानाबादेत. घर तिथंच राहिलं, जिल्हे येऊन जात राहिले. आमच्या घराण्यात महिन्याला पगार घेणारा मी पहिला. पहिले तीन पगार एकदम हातात पडले. एवढ्या नोटा मी एका जागी कधी मोजल्या नव्हत्या. एस.टी.त बसल्यावर दर दोन मैलांना बंडीच्या आतल्या खिशाला हात लावून बघत होतो.

आणि मला कांचन पाहिजे होती. उगं कशाला खोटं बोलायचं. दाजी आले की जेवताना बाही मागं सारून बसायचे, आणि ते सोनेरी घड्याळ ताटाच्या वर हलत राहायचं. त्याचे पैसे आम्ही फेडत होतो आणि वेळ ते बघत होते. आपल्या कमाईची, आपल्या हातानं घेतलेली कांचन आपल्या मनगटावर असावी, असं मला फार वाटायचं.

नांदेडला वजिराबादेतल्या एका दुकानात मी आणि शेजारच्या गावचे एक गुरुजी गेलो. दुकानदारानं निळ्या मखमलीवर तीन घड्याळं मांडली. काळ्या तबकडीची पायलट, साधी जनता आणि कांचन. कांचन हातात घालून बघितली. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली हात असा वळवला, तसा वळवला. गुरुजी म्हणाले, "घेऊन टाका. मास्तराला शोभंल." किंमत जनताच्या दुपटीहून जास्त होती. मी "रविवारी येतो" म्हणून उठलो. दुकानदार हसला. रविवारी येतो म्हणणारे त्यानं पुष्कळ बघितले असतील.

परतीच्या गाडीत मी हिशोब घातला. आडत्याची बाकी होती १,२०० रुपये. महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज, म्हणजे महिन्याचे २४ आणि वर्षाचे २८८. कांचन घेतली तर बाकीला हात लागत नव्हता. जनता घेतली तर निम्म्याहून जास्त बाकी फिटत होती. काहीच नाही घेतलं तर जवळजवळ सगळं खातं मिटत होतं. तिसरा हिशोब सरळ होता, आणि मी मुलांना शाळेत रोज असलीच गणितं घालत होतो. पण गाडी माळाकोळीपर्यंत आली तरी माझ्या डोळ्यांपुढून ती मखमल हलत नव्हती.

रात्री जेवणं झाल्यावर मी विषय काढला. माय लगेच म्हणाली, "घड्याळ खायला घालतंय का रं? आदी वही मिटव. कोंबडं आरवलं की उटतावच की आपून." मायचं चुकत नव्हतं. तिचा सगळा दिवस घड्याळाविना चालायचा. पहाटे शुक्राची चांदणी, मग कासराभर दिवस, मग उंबऱ्यावरची सावली, संध्याकाळी मुक्कामी गाडीचा हॉर्न. पुष्कळ वेळ दादा काही बोलले नाहीत. तंबाखू मळून झाली, तोंडात गेली. मग म्हणाले, "घड्याळ घ्यायाच लागतंय. हिरीवर लागतंय."

आता विहिरीचं सांगायला पाहिजे, कारण खरा निकाल तिथं लागला.

आमची विहीर चुलत्यांसोबत सामाईक, आठ-आठ आण्याचा हिस्सा. मोट होती तोवर तंटा नव्हता. त्यांची बैलं एक दिवस, आमची एक दिवस. मोटर बसली आणि दिवसांची वाटणी तासांवर आली. लाईट यायची रात्री. आठ तास असली तर चार तास त्यांचे, चार आमचे. हे तास मोजायचे कुणी? थोरल्या चुलतभावाकडं घड्याळ होतं. तो बॅटरी मारून बघायचा आणि म्हणायचा, "झाले काका तुमचे चार." दादा आभाळाकडं बघायचे. बाजलं कुठवर कललं, तिकांडं कुठवर आलं, यावरनं त्यांचा अंदाज असायचा, आणि तो अंदाज सांगायचा की अजून अर्धी घटका बाकी आहे. पण चांदण्या काही साक्ष द्यायला चावडीवर येत नाहीत. आणि ढग आले की तेवढंही नाही. दादा मुकाट्यानं दांड फोडून पाणी तिकडं वळवायचे. हरभऱ्याचे शेवटचे दोन वाफे आमचे दरसाल कोरडे राहायचे. चुलतभाऊ खोटं बोलत होता असं मी आजही म्हणणार नाही. पण ज्याच्या मनगटावर घड्याळ, त्याच्याच तोंडून वेळ निघत होती, हे खरं.

"मंग कांचनच घ्यावं का?" मी विचारलं. माझा जीव अजून तिथंच अडकलेला.

"त्येच्यावर आकडे हायत का?"

नव्हते. नुसत्या सोनेरी काड्या होत्या. दादा निजामाच्या काळात दुसरीपर्यंत उर्दूत शिकले होते. मराठी आकडे नंतर बाजाराच्या पावत्यांवरनं शिकले. इंग्रजी आकडे त्यांना येत नव्हते, आणि काड्या मोजत बसणं अंधारात बॅटरीच्या उजेडात जमलं नसतं. जनतामध्ये देवनागरी आकड्यांची तबकडी मिळायची. शिवाय कांचन मनगटावर हलती राहिली तर चालणार. दादा घड्याळ चोवीस तास घालून फिरणारे नव्हते. ते दिवळीत राहणार आणि दोन दिवसांत बंद पडणार. जनताला सकाळी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत चिंता नाही. तोट्याची म्हणून जी गोष्ट मी कांचनच्या तुलनेत धरली होती, ती आमच्या घरात सोयीची निघाली.

रविवारी खरोखरच गेलो. दुकानदाराला जरा नवल वाटलं. जनता घेतली, सतरा ज्युएलची, पांढऱ्या तबकडीवर १ ते १२ देवनागरीत. त्यानं कांचन पुन्हा एकदा मखमलीवर ठेवली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही असं नाही. उरलेले पैसे घेऊन तसाच अमदपूरला उतरलो आणि आडत्याच्या वहीवर जमा केले. राहिलेलं खातं पुढच्या वर्षी तुरीवर मिटलं.

घड्याळ माझं होतं, पण रब्बी सुरू झाली तशी वाटणी झाली. रविवारी संध्याकाळी मी घड्याळ दिवळीत ठेवून शाळेच्या गावाला जायचो. तिथं मी कंधारहून येणाऱ्या सकाळच्या गाडीवर शाळा भरवायचो. गाडी उशिरा आली तर शाळाही उशिरा. घड्याळवाले मास्तर म्हणून मी गावात मिरवलो ते फक्त खरिपात. मित्र हसायचे. इकडं विहिरीवर पहिल्या रात्री दादांनी बॅटरी मारून घड्याळ बघितलं आणि चुलतभावाला म्हणाले, "पावणेदोन व्हायलेत बाप्पू. पंधरा मिण्टं हायत मपली." तो आपलं घड्याळ घेऊन जवळ आला. दोन्ही घड्याळं शेजारी धरली. त्याचं सात मिनिटं पुढं होतं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांना दोघांनी आपापली घड्याळं मिळवून घेतली, आणि तो रिवाजच पडला. त्या वर्षी हरभरा शेवटच्या वाफ्यापर्यंत भिजला.

माझ्या लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनीच विचारलं, "घड्याळ कोणतं घ्यायाचं?" मी बाही मागं सारली. दाजींसारखीच सारली, ते मला तेव्हाच जाणवलं आणि मनात हसूही आलं. "हाय की मपल्याकडं," म्हटलं. दाजी तिथंच बसले होते. ते पानदानात काहीतरी शोधायला लागले.

पुढं १९८७ पासून टायटनची सेलवरची घड्याळं आली. पातळ, चावी नको, वेळ अचूक. शाळेतल्या नव्या मास्तरांनी ती घेतली. मीही पुढं एक घेतलं आणि जनता कायमची दादांकडं गेली. एच.एम.टी. हे नाव मात्र असं मनात बसलेलं की चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या बारीक तांदळाला त्या घड्याळाचंच नाव पडलं. गाव नांदेडच, पण आपलं नव्हे. आम्ही तो तांदूळ दुकानातून आणला की माय पिशवी बघून म्हणायची, "दादांच्या घड्याळाचा भात."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, लोक गाढ झोपलेले. आमच्याकडं भांडी पडली, आढं करकरलं, सगळे अंगणात आले. दादांनी बाहेर येताना दिवळीतलं घड्याळ उचललं होतं. लेकरं मोजून झाल्यावर त्यांनी बॅटरी मारली. चारला पाच कमी. तिकडं औसा-उमरग्याच्या बाजूला काय झालं होतं ते उजाडल्यावर कळलं. पुढं पेपरात ३ वाजून ५६ मिनिटं अशी वेळ आली. त्या वर्षी दादा घड्याळाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

जानेवारी २०१६ मध्ये सरकारनं एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. मी बातमी वाचून दाखवली. दादा ऐंशीच्या घरात. म्हणाले, "मंग आता सामान कुटून मिळंल?" लातूरला गंजगोलाईजवळ एक कारागीर आहे, तो जुन्या जनता विकत घेऊन त्यांचे भाग काढून ठेवतो. त्याच्याकडनं मी तेल-पाणी करून आणलं. त्यानं विचारलं, "सर, इकायचं हाय का? मराठी आकड्यांचं लोक शोधायलेत." त्यानं सांगितलेल्या किमतीत १९८४ साली दोन कांचन आल्या असत्या.

त्याच वर्षी एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. आमची विहीर फेब्रुवारीतच आटली होती. तळाला कपारीत हिरवट ओल तेवढी दिसायची. मोटर वर काढून गोठ्यात ठेवली होती. चुलतभाऊ संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. पाळी नाही, तंटा नाही. मुलीनं पुण्याहून फोन केला, पहिला पगार झालाय, आजोबांना चांगलं घड्याळ घेते, कोणतं घेऊ? मी फोन दादांच्या कानाला लावला.

दादा म्हणाले, "मला हाय. तुपल्यासाठी घे. आन् आकडे बगून घे."